बागेतला ठिपका

अहो,

तुम्हाला न उठवता कामावर निघालेय.

लेकीच्या फोनवर लक्ष ठेवायचं ते ॲप आठवतंय? 'महिनाभर फुकट आहे, आधी माझ्याच फोनवर टाकून बघू, जमलं तर पैसे भरू,' असं तुम्हीच म्हणाला होतात. मग दोघंही विसरलो. काल माझ्या फोनवर मेसेज आला, उद्या मुदत संपतेय, पैसे भरा. बंद करायला उघडलं, तर नकाशावर तुमचा ठिपका छापखान्याऐवजी वाचनालयामागच्या बागेत. मागचे दिवस बघितले, तेही तसेच. म्हटलं, फुकटचं ते, बिघडलं असेल. म्हणून दुपारी स्वतः जाऊन आले.

इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसला होतात. डब्यातलं निम्मं कुत्र्याला घालत होतात. हाक मारणार होते, पण तशीच मागे फिरले. येताना छापखान्यावरून आले, तर शटरला कुलूप.

'काय असेल ते घरात सांगत जा' म्हणून लेकीला झापता, आणि स्वतः? रात्री बोलले असते तर नुसती भांडले असते, म्हणून ही चिठ्ठी. मी काय तुमच्या पगाराशी लग्न केलं होतं?

आज डबा मुद्दाम भरलेला नाही. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. मी अर्धी रजा टाकून येते, मग दोघं बसून जेवू. लेकीला कसं सांगायचं तेही तेव्हाच ठरवू.

पैसे भरायचे नाहीत. ॲपचा आज शेवटचा फुकट दिवस आहे, तेवढा ठिपका घरी दिसू द्या.