शफीच्या ताटातला घास

११ जानेवारी, रविवार
नेरूळला पॉप-अप जेवण. अनोळखी बाईचं घर, सातवा मजला, जेवायला पोपटी. मडकं खाली सोसायटीच्या मागे भाजलं आणि वर आणून उपडं केलं. मग वालाच्या शेंगांवर भाषण. मी मुरुडची, हे बोलले नाही. बोललं की सगळे तोंडाकडे बघतात आणि चव बरोबर आहे का ते सांगत बसावं लागतं.

मला अशी जेवणं आवडतात ती याचसाठी. कोणाची कोण, लग्न का नाही केलंस, कुणी विचारत नाही. जेवायचं, हात धुवायचे, निघायचं.

अंडं सोलत होते आणि धाकट्या भावाच्या, इम्तीच्या बायकोचा फोन. नुसती रडते. शेवटी कळलं, शफीने पहारीने इम्तीचा हात ठेचला. उजवा. अपर्णाने (लॅबमधली, अशा जेवणांना मला तीच नेते) पनवेलला एसटीत बसवलं. हाताला वालाचा वास तसाच.

१३ जानेवारी
अलिबाग, दवाखाना. तीन बोटं गेल्यात जमा होती. डॉक्टर म्हणतात दोन वाचतील, करंगळीचं सांगता येत नाही. इम्ती बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हात नसला तर काय करील हा?

आणि शफी परका नाही, सख्खा चुलतभाऊ. वाडी दोघांच्या बापांची, सामाईक. त्याला तिथे सपर क्लब काढायचाय, मुंबईचे लोक आणून झाडांखाली जेवायला घालायचं. जागा करायला पोफळी तोडायला घेतल्या. इम्ती आडवा गेला. वाडीच्या दगडी गडग्यावर हात ठेवून बोलत होता, त्याच हातावर पहार. शफी म्हणतो चुकून पडली. दोनदा चुकून पडली काय रे, हरामखोरा.

त्याचं थोबाड त्याच गडग्यावर आपटावंसं वाटतंय. दिवसभर हेच डोक्यात.

१८ जानेवारी
इम्ती घरी. शफी जामिनावर बाहेर. दुपारी दाऊदचाचा आले. मोहल्ल्यातली भांडणं तेच मिटवतात.
"बाय, कोर्टात तुमची हाडं पिकतील. दोघांना एका ताटात बसवतो. एक घास पोटात गेला की मिटलं. मग त्या गोष्टीचं कुणी नाव काढायचं नाय. तुझ्या अब्बाने पण असंच मिटवलेलं, ठाऊक हाय ना?"
इम्ती आतून ओरडला, "मरेन, पण त्याच्या ताटात हात घालणार नाय. घालू कसला, हात ऱ्हायलाय कुठं?"
चाचा माझ्याकडे वळले. अब्बा-अम्मीनंतर घरातली मोठी तू, तुझा शब्द तोच घराचा शब्द, वगैरे. मी म्हटलं, तो नाही म्हणतो म्हणजे नाही. चहा अर्धा टाकून गेले. जाऊ देत.

२५ जानेवारी
लॅब, रविवारची पाळी. अपर्णाने मोबाईल पुढे केला, "अगं, तुमच्या मुरुडला आहे बघ." शफीची जाहिरात. समुद्राकाठची वाडी, कोकणी मुस्लिम घरचं जेवण, सगळ्यांनी एका ताटातून. फोटोत मागे आमचा गडगा. धुतलेला असेल.

हातातला ट्रे आपटला. नमुने फुटले नाहीत, नशीब.

मग डोकं चाललं. किती पोफळी तोडल्या त्याचे फोटो आमच्या वकिलांना हवेतच. एरवी शफी मला वाडीत पाय ठेवू देणार नाही, गिऱ्हाईक म्हणून देईल. अपर्णाच्या नावाने दोन जागा भरल्या. इम्तीला कळवलं नाही. तो थयथयाट करेल.

१ फेब्रुवारी, रविवार
जसं झालं तसं लिहिते.

वाडीत पोचलो. पोफळीचे बुंधे चटयांखाली झाकलेले. फोटो काढले, काम झालं होतं. तेव्हाच उठायला हवं होतं. चार अनोळखी मुंबईकर, अपर्णा आणि मी, असं सहा जणांचं एक ताट. ताटावरचा सरपोस काढला आणि शफी स्वतः येऊन बसला, माझ्यासमोर.
"या आपा. लोकहो, ही माझी मोठी बहीण. हिच्या आईच्या हातची तांदळाची सांदणं, तीच आज केलीत."
सगळे माझ्याकडे बघून हसले. एकीने मोबाईल वर धरला. माझ्या हाताशी मटणाच्या रश्शाचं भांडं, वाफाळतं. खरंच उचललं होतं. त्याच्या डोळ्यांत ओतायचं एवढंच बाकी होतं. मग ती मोबाईलवाली म्हणाली, "किती छान, घरच्याच आहात." आणि मला लाज वाटली. अनोळखी लोकांसमोर घरचं भांडण काढायची लाज. भांडं खाली ठेवलं.

शफीने सांदण मोडलं, अर्धं माझ्यापुढे सरकवलं. मी घेतलं. मनात म्हटलं, भरलेल्या पैशाचं खातेय, नेरूळला खाते तसंच. एक घास घेऊन थांबलेही नाही. पोटभर जेवले. सांदणं थेट अम्मीची होती. शफीही जेवला, माझ्याकडे बघत, सावकाश.

२ फेब्रुवारी
घरच्या ग्रुपवर फोटो. मी आणि शफी, दोघांचे हात एका ताटात. खाली त्याने लिहिलंय, आपा आली, घास घेतला, अल्लाचा शुक्र. त्याखाली मुबारकबादीची रांग.
चाचांना फोन लावला. "मी पैसे भरून जेवले चाचा. गिऱ्हाईक होते."
"ताटाला काय कळतंय बाय, कोण पैसे भरून बसला नि कोण नात्याने? घराच्या मोठीने खाल्लं. मिटलं."
शेजारचे दोघे साक्ष देणार होते, त्यांनी संध्याकाळी वकिलांना कळवलं, घरात मिटलंय, आम्हाला मधे घेऊ नका.
माझ्यासारखी मूर्ख मीच. शफीने मला भर दुपारी, चारचौघांत कापली आणि मी बोटं चाटत होते.

३ फेब्रुवारी
इम्तीने शेवटी फोन घेतला. मी सगळं सांगितलं. फोटो काढायला गेले, लाजेने बसले, सगळं. शिव्या देईल वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"आपा, चव कशी होती?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

८ फेब्रुवारी, रविवार
इम्ती वाडीत गेला. डाव्या हातात नारळाचा कोयता. पाहुणे जेवायला बसलेले. शफी वाढत होता, वाकलेला, त्याच्या खांद्यात घाव घातला. हाड दिसलं म्हणे. दुसऱ्यांदा कोयता उचलला तोवर शफीच्या माणसांनी बांबूने झोडपला. पडल्यावरही मारत होते. रश्शाचा टोप कलंडला, एका बाईचा पाय भाजला. आता इम्ती कोठडीत, शफी दवाखान्यात. हे सगळं इम्तीच्या बायकोने सांगितलं, फोनवर, एका सुरात, रडलीही नाही.

शफी रक्तात पडला हे ऐकलं तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? चांगलं वाटलं, पोटातून. मग इम्तीचा उजवा हात आठवला, लोकांनी त्यावरही मारलं असेल. घरातल्या काचेच्या बशा एकेक करून भिंतीवर फोडल्या. खालच्या काकू वर आल्या, त्यांनाही ओरडले.

१० फेब्रुवारी
मुरुड. चाचा म्हणाले, शफी वाचला. जबाब व्हायचाय. खुनाचा प्रयत्न म्हणू शकतो, किंवा झटापटीत कोयता लागला असंही म्हणू शकतो. त्याची अट एकच. इम्तियाजने शब्द द्यायचा, सुटल्यावर ताटात बसेन. स्वतः. "तुझ्या घासाने भागलं नाय, बघितलंस ना? आता त्याचाच लागेल."
इम्तीची पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला आत पाठवलं.

११ फेब्रुवारी
डबा घेऊन चौकीवर गेले. इम्तीचा एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला, पट्टी मळून काळी. चाचांचा निरोप सांगितला. हो म्हण, इम्ती, पोरीकडे बघ.
तो म्हणाला, "तूच बस आपा. तुला सवय हाय."
मी थोबाडीत मारली. विचार करून नाही, हात गेलाच. त्याने अडवायला पट्टीवालाच हात वर केला, तोच दुखावला, आणि इम्ती कळवळून खाली बसला. लहानपणीसुद्धा मी त्याला कधी मारलं नव्हतं. हवालदार धावत आला. मी तिथेच बसकण मारली, भात कालवला, घास त्याच्या तोंडापाशी धरला. त्याने तोंड उघडलं नाही. वेळ संपली म्हणेपर्यंत धरून होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळीच चाचांचा फोन. शफीचा जबाब आज. "काय म्हणाला इम्तियाज? हो म्हणाला?"
मी म्हटलं, हो.
आता शफी झटापट म्हणेल, इम्ती सुटेल. त्याच्या नावाने मी काय कबूल केलंय ते त्याला माहीत नाही. चाचा त्या ताटासाठी सांदणांचे तांदूळ भिजत घालायला सांगतायत.