बेडकांविरुद्ध गाऱ्हाणं

कणकवली
१८ जून २०२५

ती. बाबांस,
समिधाचा सा. न. वि. वि.

वसतिगृहात पोचले. बाईंनी मोबाइल कुलपात टाकला, म्हणून आता दिवाळीपर्यंत पत्रच. येत्या पंधरा जुलैला, आषाढ वद्य पंचमीला, आईला जाऊन वर्ष होईल. सुट्टीत फोनवर विचारलं तर म्हणालात, बेडकांचं बघतो नि कळवतो. अख्ख्या दुबईत त्या काचेच्या बागेतले अमेरिकन बेडूक सांभाळणारे तुम्ही एकटेच का हो? माझ्या खोलीतली दर्शना विचारते, क्रिकेट फ्रॉग बॅटिंग करतो की बोलिंग. मला हसू आलं नाही. धनंजयकाकांनी भटजींना सांगून ठेवलंय. पिंडाला तुम्हीच बसायचं आहे.

रागावलेली, तरी तुमचीच,
समिधा

देरा, दुबई
३ जुलै २०२५

चि. समिधास,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर आलं. दर्शनाला सांग, इंग्रजीत रातकिड्यालाही क्रिकेट म्हणतात, हा तसा वाजतो म्हणून ते नाव. अंगठ्याच्या पेराएवढा जीव. कूळ झाडावरच्या बेडकांचं, पण ह्या पठ्ठ्याला चढता येत नाही. तळ्याकाठी ओल्या चिखलात ऊन खात बसतो, चाहूल लागली की हातभर लांब उडी मारतो. तिकडे अमेरिकेत बर्फ पडतं तेव्हा काठावरच्या भेगांत शिरून राहतो. मी सकाळी दोन गोटे एकमेकांवर वाजवतो, की एक नर तस्साच आवाज काढतो, मग सगळे सुरू.

पण आयुष्य जेमतेम वर्षाचं. यंदाची पिल्लं जगली नाहीत तर पुढच्या वर्षी बागेत एकही उरणार नाही. अंडी आत्ता कुठे फुटली आहेत. पिल्लांचे बेडूक व्हायला दीड-दोन महिने लागतात. अशात सोडून कसा येऊ? पिंडाला काकांना बसू दे. पोटभर जेवत जा.

रागावलीस तरी लिहिणं सोडू नकोस.
तुझा बाबा

कणकवली
२० जुलै २०२५

ती. बाबांस,
सा. न.

वर्षश्राद्ध झालं. मला दोन दिवस रजा मिळाली. काका बसले. उर्मिलाकाकूंनी आईला आवडायच्या तशा अळूवड्या केल्या, पण सगळ्यांच्या पानात तशाच राहिल्या.

एक सांगायचंय. आदल्या दिवशी मी देवळात नारळ दिला आणि गुरवकाकांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं, की बाबांच्या वाटेत जे कोण आडवं येतंय ते दूर कर. तिथे जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणाले. आडवं कोण येतंय ते फक्त मला माहीत होतं. बाबा, ते सगळे बेडूक मरावेत असं मी मागितलं. आता झोप लागत नाही. इवलेसे जीव, त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? ते आहेत ना? खरं सांगा.

माया कमी करू नका.
समिधा

देरा, दुबई
२ ऑगस्ट २०२५

चि. समिधास,
अनेक आशीर्वाद.

बेडूक आहेत. म्हातारे पाच गेले, ते वयानं. तुझं गाऱ्हाणं त्यांना लागलं नाही. त्रेपन्न पिल्लांना पाय फुटलेत. पिल्लू असतं तेव्हा त्याच्या शेपटीचं टोक काळं असतं. पाण्यातला किडा खायला आला की नेमका तिथेच चावतो आणि डोकं वाचतं. मी तुझ्यासमोर बेडूक पुढे केले ते त्या शेपटीसारखेच, स्वतःला वाचवायला.

रजा मे महिन्यातच मंजूर झाली होती. आमच्या सुपरवायझर मुनिबा मॅडम आपणहून म्हणाल्या की किसनभाई, यल्ला, घर जाओ, इनको मैं देख लूँगी. मी दोनदा बॅग भरली आणि दोनदा उपसली. गेल्या वर्षी मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तिची साडी मात्र दोरीवर तशीच वाळत होती. पिंडाला बसलो असतो तर ती गेली हे कबूल करावं लागलं असतं. इथे सहा जणांच्या खोलीत, ती घरीच आहे असं धरून मी चालतो. तुझ्या वाटेत बेडूक नव्हते पोरी, मी होतो. मला लाज वाटते.

जमलं तर माफ कर.
बाबा

कणकवली
१४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सा. न.

पत्र चार वेळा वाचलं. आधी रडले, मग संतापले. दर्शनालाही दाखवलं नाही.

ती साडी दोरीवरून मी काढली, बाबा. त्याच घरात मी सगळ्या सुट्ट्या काढल्या. मला जमेल का, असं कोणी विचारलं नाही. तुम्ही तिकडे एकटे रडत असाल हे मला कळायला हवं होतं, पण मी चौदा वर्षांची आहे, मला कोण सांगणार?

आईसाठी आता येऊ नका. तिचं वर्ष झालं. माझ्यासाठी या. गणपतीला नाही जमलं तर दिवाळीला, पण या. तुम्हीही गेलात असं धरून चालायची सवय मला लागू देऊ नका.

वाट बघणारी,
समिधा