सवतीचं तान्हं

मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८५६

मंदाला नेलं. बैलगाडीत कडबा, त्यावर दोन गोधड्या, गोधड्यांवर मंदा. अंग तव्यासारखं तापलेलं. हे गाडीत तिच्या उशाशी बसले. पाचोऱ्यापर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडीने जळगावच्या दवाखान्यात. बाळंतज्वर आहे, पोराला तिच्याजवळ ठेवू नका — असं घरी येऊन गेलेल्या पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं.

गाडी हलली तेव्हा तिने माझं मनगट धरलं. “अक्का, तो उपाशी हाये.” एवढंच. मग डोळे फिरले.

तिला परवा माहेरी बोदवडला नेणार होते, बाळंतपणाला. त्याआधीच मोकळी झाली. पोर दिवस भरायच्या आधीचं, खारकेएवढं तोंड, नखंसुद्धा पुरती आलेली नाहीत.

मंदा माझी सवत. दोन वर्षं झाली, हा शब्द तोंडातून काढला नाही. इथे लिहिते — सवत. मला मूल होईना म्हणून तिला आणली. मग मलाही दिवस गेले आणि तिलाही! माझी चिमी आधी झाली. श्रावणात आकड्या येऊन गेली. दीड महिन्याची होती.

पोर रडतंय. सासूबाई चोचीच्या बोंडल्याने शेळीचं दूध पाजताहेत. निम्मं गालावरून ओघळतंय.

शुद्ध ५

शेळीचं दूध सोसत नाही. पाणी घालून, उकळून, सुंठ लावून — सगळं करून पाहिलं. हगवण लागली. मांडीची कातडी सैल पडली आहे. काल रडत होतं, आज कण्हतंय. रडत होतं ते बरं होतं!

दुपारी सासूबाई अंगणात कापसाची बोंडं निवडत होत्या. मी आतल्या खोलीत पोराला घेऊन बसले होते. ते माझ्या चोळीवर तोंड घासायला लागलं. डोळे मिटलेले, मान लटपटते, पण शोधतंय! मी चोळीची गाठ सोडली.

धरलं. सुटलं. पुन्हा धरलं. अंगावरून काटा गेला. दूध कुठलं यायला! पण कण्हणं थांबलं. माझ्याशी चिकटून झोपलं.

सासूबाई दारात केव्हा आल्या कळलं नाही. म्हणाल्या, “कोरडी हीर शे ती. पानी कथाईन येई?”

मी म्हटलं, “कोरड्या विहिरीलाही येईल.”

तोंडातून गेलं खरं. आता ते निभावायचं.

शुद्ध ६

दिवसभर छातीशी घेत राहिले. काही नाही. दुखतं.

शुद्ध ८

चिरा पडल्या. पोर तोंड लावतं तेव्हा डोळ्यांपुढे काजवे. दात आवळून धरते. नंतर लोणी लावते. चोळी चिकटते, ती ओल्या फडक्याने सोडवावी लागते.

पण एक विचार केला आज. चिमी गेली तेव्हा माझं दूध काय आपोआप आटलं होतं? छाती दगडासारखी झाली होती. शेजारच्या मंजुळाबाईने मोगऱ्याची फुलं बांधली, वरून पट्टा आवळला. पट्टा भिजायचा, पुन्हा आवळायचा. चिमी नाही हे माझ्या अंगाला कितीतरी दिवस समजलंच नव्हतं. म्हणजे आटलं नाही, आटवलं. जे आटवता येतं ते आणता का येऊ नये? मागे वासरू मेलं तेव्हा कपिलेला दुसरं वासरू लावलंच की! दोन दिवस लाथा मारल्या तिने, मग पान्हावली.

मी लाथा मारत नाही. माझं काम तेवढंच सोपं!

सासूबाईंना म्हटलं, अळीव टाका भिजत. शेपूची भाजी करा. बाळंतिणीचं सगळं मला वाढा. त्या बघत राहिल्या. मग अळिवाचा डबा काढायला गेल्या.

शुद्ध ९

नवीनच अडचण. पोराला कळलं की इथे काही मिळत नाही! दोन घोट ओढल्यासारखं करतं आणि रागाने मान फिरवतं. लाल होतं. मुठी आवळतं. त्याचा तरी काय दोष? रिकाम्या ताटावर कोण किती वेळ बसेल!

ते ओढेल तर मला दूध येणार, आणि दूध असेल तर ते ओढणार. हे कसं जुळायचं?

शुद्ध ११

जुळलं! निदान सुरुवात तरी.

मी सासूबाईंना म्हटलं, “बोंडलं घेऊन माझ्याजवळ बसा. ते ओढायला लागलं की वरून थेंब थेंब सोडा माझ्या अंगावर. घळाघळा नको. त्याला वाटलं पाहिजे मीच पाजते आहे.”

“त्याले फसाडनं?”

“हो. फसवायचं.”

त्या बसल्या. म्हातारा हात कापतो. पहिल्यांदा सगळं माझ्या पोटावर सांडलं. मग जमलं. थेंब माझ्या अंगावरून घरंगळत त्याच्या ओठांत. त्याने मान फिरवली नाही. ओढत राहिलं, ओढत राहिलं! पातळ दूध थोडं थोडं जातं म्हणून की काय, पोटातही टिकलं.

सासूबाई इतक्या जवळ कधी बसल्या नव्हत्या. त्यांच्या पदराला तंबाखूच्या मिसरीचा वास येतो. चिमीच्या वेळी त्या मला एक शब्द बोलल्या नव्हत्या. आज बोंडलं धरता धरता म्हणाल्या, माझीही दोन गेली. तुझ्या नवऱ्याच्या आधीची. नाव ठेवायच्या आत.

एवढं बोलून पुन्हा थेंब सोडायला लागल्या.

शुद्ध १४

जळगावहून निरोप — मंदा तशीच आहे. ताप उतरतो, चढतो. हे तिथेच आहेत.

आज मंदाची आई आली, वच्छलाबाई. जळगावला लेकीला पाहून थेट इकडे. उंच बाई, आवाज खणखणीत. आल्या तेव्हा मी पाजत होते, सासूबाई बोंडलं धरून. उंबऱ्यातच थांबल्या.

“हे काय चाललं?”

सासूबाईंनी सांगितलं. वच्छलाबाई सरळ आत आल्या आणि पोर माझ्या अंगावरून ओढून घेतलं. चीर पुन्हा उकलली. रक्त आलं.

“जिचं पोरगं मेलं, तिचं दूध इख राह्यते. अन् सवतीच्या हाती देता माह्या नातवाले? माही लेक मरायला टेकली, अन् ही आत्ताच माय बनून बसली!”

मी म्हटलं, “दूध अजून आलेलंच नाही. विष कुठून येईल?”

त्यांनी ऐकलं नाही. पौर्णिमा झाली की पोराला बोदवडला नेते म्हणाल्या. तिथे त्यांची सून आहे, तिचं मूल वर्षाचं. सासूबाई मध्ये पडल्या — एवढ्या थंडीत, एवढं लहान पोर, दोन गाड्या बदलून? वाटेतच जाईल. शेवटी ठरलं, मंदाचं काय ते कळेपर्यंत वच्छलाबाईंनी इथेच राहायचं.

राहू देत. माझं काम मी त्यांच्या डोळ्यांदेखत करीन.

मार्गशीर्ष पौर्णिमा

वच्छलाबाई दिवसभर पोराला सोडत नाहीत. बोंडल्याने पाजतात. पोर ओकतं. मग रडतं. मग नाइलाजाने माझ्याकडे देतात आणि समोर भिंतीला टेकून बसतात — पापणी न हलवता. त्या नजरेखाली पाजायचं म्हणजे!

सारखा मनात तोच प्रश्न. कुणासाठी करते आहे हे? पोरासाठी? मंदासाठी? की चिमी गेल्यापासून हात रिकामे आहेत म्हणून? खरं सांगायचं तर मला तिन्हींतलं एकही वेगळं काढता येत नाही. पोर मात्र जगलं पाहिजे. एवढं नक्की माहीत आहे. बाकीचं मागाहून बघू.

वद्य २

आलं!!

सकाळी पाजून झाल्यावर सहज दाबून पाहिलं. पिवळसर, चिकट, मोहरीएवढा थेंब. मी बघतच राहिले. पुसायला जीव होईना. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी बोटावर घेतला, उजेडात धरला, आणि त्याच बोटाने पोराच्या ओठांना लावला.

मग नाक ओढलं.

वद्य ५

आज वाटीच्या बुडाला पसरेल एवढं निघालं. वच्छलाबाईंनी वाटी हातातून घेतली. म्हणाल्या, मुंगी टाकून पाहते. मेली तर दूध विषारी. त्यांच्याकडे अशीच परीक्षा करतात म्हणे. चुलीजवळून एक मुंगी चिमटीत धरून आणली. माझा जीव वर. मुंग्या तर पाण्यातही मरतात! मुंगीच्या पोहण्यावर का पोराचा जीव ठरायचा?

मी वाटी हिसकली आणि तोंडाला लावली. घटकन प्यायले. गोड लागलं, कोमट.

“विष असेल तर आधी मी मरेन. संध्याकाळपर्यंत बसा बघत.”

मुंगी त्यांच्या बोटावरून मनगटावर गेली. त्यांनी ती झटकली. सासूबाई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेल्या — हसायला की रडायला, देव जाणे.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते तर पाठीमागे पोर घेऊन उभ्या. “घे. भुकेलं हाये.” आणि चुलीपुढे बसून माझ्या हातातला गोळा घेतला.

वद्य ८

दूध वाढतंय. सासूबाईंचं बोंडलं आता दिवसातून एक-दोनदाच लागतं. पोराचं शी-शू नीट. कानाच्या पाळ्या भरल्या!

वद्य ११

पान्हा फुटला. खरा पान्हा, चिमीच्या वेळचा. विहिरीवर होते, पोर घरात रडलं, मला ऐकूही आलं नसेल — आणि दोन्हीकडून धार! चोळी, लुगडं, सगळं ओलं. घागर तिथेच टाकून धावत आले. पोराला ठसका लागला एवढं आलं. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या म्हातारपणी. “आते दख, कसा पी ऱ्हायना!”

वच्छलाबाईंनी पोराच्या गालावर ओघळलेलं दूध आपल्या पदराने टिपलं.

पौष शुद्ध १

ह्यांचं पत्र. मंदाचा ताप उतरला. पुरता. वाचली. आठवड्याभरात आणतो.

वच्छलाबाई देवापुढे डोकं टेकून रडल्या. मीही टेकलं. मंदा वाचावी हे रोज मागितलं होतं, मनापासून मागितलं होतं. मग पत्र वाचताना पोराला घट्ट का धरलं मी? इतकं घट्ट की ते रडलं.

सोडायला शिकावं लागेल, सुगंधे. जसं आणायला शिकलीस.

शुद्ध ७

मंदा आली. ओळखू येत नाही. केस गेले, डोळे खोल, हाताच्या काड्या. ह्यांनी उचलून खाटेवर ठेवली.

मी पोर तिच्या कुशीत दिलं. ते तिच्याकडे बघत राहिलं, मग ओठ काढले आणि मोठ्याने रडायला लागलं. तिने चोळी सोडली. काही नाही. दवाखान्यात असतानाच आटलं होतं, आणि औषधं अजून चालू आहेत. पाजायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. तरी तिने सोडली. मी बघू शकले नाही.

“अक्का, घे त्याले.” भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

मी घेतलं नाही. तिच्या शेजारीच खाटेवर आडवी झाले, पोर दोघींच्या मध्ये. पोर मला पीत होतं आणि त्याची पाठ तिच्या पोटाला लागलेली होती. थोड्या वेळाने तिचा हात आला त्याच्या डोक्यावर. मग माझ्या खांद्यावर. ती बाईमाणूस तरी कुठे, सतरा-अठरा वर्षांची पोर. तिला कुणी विचारून आणली होती?

शुद्ध ९

वच्छलाबाई म्हणतात, लेकीला बोदवडला नेणार. इथे शेतीची धावपळ, आजाऱ्याला विश्रांती कुठली? खरं आहे. आणि आईपासून पोर तोडू नये. तेही खरं आहे. त्यांची सून पाजेल, नाहीतर आता बोंडलं सोसेल.

हे म्हणाले, “ठीक.”

ठीक! पोराच्या अंगावर आत्ता कुठे मूठभर मांस आलंय!

मी चुलीपासूनच म्हटलं, “मीही जाते.”

हे म्हणाले, “सवतना माहेरले? लोक काय म्हनतीन? आनि घर कोन दखी?”

“लोकांनी पोराला पाजलं नाही. घर बघायला घरचे आहेत.”

ह्यांना एवढं तोंड वर करून मी कधी बोलले नव्हते. पण हातातली भाकरी मोडली नाही. हे सासूबाईंकडे पाहू लागले. त्या तांदळातले खडे काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी शे ना. जाऊ दे तिले.”

वच्छलाबाई उठून मंदाची वळकटी बांधायला लागल्या.

शुद्ध ११, बोदवड

स्टेशनवर उतरलो. मंदाला दोघींनी धरलेलं, पोर माझ्या पदराखाली पीत होतं. वच्छलाबाईंच्या गावची कुणी बाई भेटली. मंदाकडे पाहून हळहळली, मग माझ्याकडे बोट केलं — “अन् ही कोन व?”

माझी मान खाली गेली.

वच्छलाबाई म्हणाल्या, “माही मोठी लेक. बायंतपनाले आनली.”