बंदरावरची ठुमरी

२ जानेवारी
बत्तीस वर्षं एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या. शब्दांवर पकड आहेच. देवळाच्या उत्सवात शर्मिला ठुमरी गाणार. शेजारच्या भिकाजीची मुलगी, कोल्हापूरला गाणं शिकून आली. तिला नवे शब्द हवेत. म्हटलं, उद्या देतो. एका दिवसाचं काम.

६ जानेवारी
अठरा ओळी! भाषा ब्रज, म्हणजे हिंदीच, जरा वाकवलेली. नायिका मालवणच्या धक्क्यावर, नवरा गलबतावर. ‘बंदर पे ठाड़ी मैं, पाल ना दीखे.’ बायकोला वाचून दाखवली. मथुरा म्हणाली, "पाल दिसणा नाय तर बराच मां?" पाल म्हणजे शीड, हे समजावलं. मग म्हणाली, "तेका फोन लावूक काय झाला?" काव्य तिचा प्रांत नाही.

९ जानेवारी
शर्मिला पहिल्याच ओळीला हसत सुटली. म्हणे, "काका, हिंदीत बंदर म्हणजे माकड. बाय माकडावर उभी रवली!" मला माहीत होतं. घाईत राहिलं. तिने ‘घाट’ सुचवला. आमच्याकडे घाट म्हणजे फोंडाघाट. तिथे गलबत कुठून येणार? तासभर भांडलो. ‘घाट’ केलं.

१५ जानेवारी
ठुमरीला चार ओळी पुरतात म्हणे. चौदा गेल्या. भूल न देता दाढ काढावी तसं झालं. पण अट घातली: कवीचं नाव पुकारायचं. कबूल. देवगडच्या मेव्हण्याला फोन करून कळवलं.

२८ जानेवारी
रियाज ऐकला. आता एकच ओळ! तीच वीस मिनिटं. ‘ठाड़ी’ कधी रुसून, कधी रडवेली. बाकीच्या तीन कुठे गेल्या, विचारलं. "काका, तेच्यातच सगळा इला." मग मी सतरा कशाला लिहिल्या?

११ फेब्रुवारी
उत्सव. नवं जाकीट. माइकवर उत्सव समितीचा लवू. म्हणाला, "आता एक पारंपरिक ठुमरी." ताडकन उठलो. मथुरेने हात ओढून बसवलं.
शर्मिला गायली. अख्खा मांडव डोलला. मेव्हण्याने डोळे पुसले.
नंतर लवूला गाठलं. शर्मिलाने दिलेल्या चिठ्ठीवरचं माझं नाव त्याला वर्गणीदाराचं वाटलं म्हणे. सांगितलं, ठुमरी माझी आहे. तो हसला. "काका, इतकी बरी आसा, ती तुमची कशी असात?"
वाटेत मथुरेला म्हटलं, उद्या देवळात कवी म्हणून माझ्या नावाचा फलक लावतो. ती म्हणाली, "तुमचीच ती, माका म्हायत आसा. लोकांका आवडली आसा. आता कोणाक सांगू नकात."