अक्काच्या अक्षरातलं उत्तर

उमरगा,
१ मार्च १९४८

ती. सिद्धम्माक्का यांस,
धाकट्या कल्याणप्पाचा येशूनामे सलाम. वि. वि.

काल उपासना संपल्यावर बिराप्पा आणि आणखी तिघांनी मला देवळाच्या पायरीवरच अडवलं. पाळक महांतप्पा सोलापूरला गेले ते परतायचं चिन्ह नाही. तोवर वर्षभर मंडळीची वडीलकी मी घ्यावी, असं अकराही घरांनी ठरवलंय. मी मास्तर, मला वाचता-बोलता येतं, एवढंच त्यांना पुरेसं वाटतं.

इकडं शिवकांताला सातवा लागलाय. आधीची दोन मुलं आम्ही गमावली, ते तुम्ही पाहिलंच आहे. सासऱ्यांनी सोलापूरहून गाडी पाठवायचं कळवलंय. दिवस असे धामधुमीचे की संस्थानच्या हद्दीवरचा रस्ता कधी बंद होईल, नेम नाही. मी सोबत यावं म्हणून ती धरून बसलीय.

हो म्हटलं तर तिला टाकलं, नाही म्हटलं तर या माणसांना. शाळा उघडायच्या आधी रोज गुडघे टेकतो, पण काही उमगत नाही. अक्का, तुम्ही माझ्यासाठी देवाला विचारा. तुम्ही लिहाल ते मी त्याचंच उत्तर समजेन.

माया आहे तशीच ठेवा.
कल्याणप्पा

कळंब,
८ मार्च १९४८

चि. कल्याणप्पास,
सिद्धम्माचा आशीर्वाद.

पत्र पावलं. दोन बाळंतपणं उरकली अन् तीन दिवस उपास धरला. लहानपणी आंघोळ नको म्हणून तू कणगीमागं दडायचास. आता देवापासून दडतोस की काय, असं वाटून हसू बी आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मन निवळलं. देवाचं सांगणं स्वच्छ हाय. तू तिथंच राहावंस, वडीलकी घ्यावीस. शिवकांताला आठवा लागायच्या आत माहेरी धाड, मग गाडीचे हिसके सोसायचे न्हाईत. तिची आई जपणारी हाय. बाळंतपणात तसंही पुरुषाचं काय काम?

जेवणाची हयगय करू नको. अक्काला विसरू नको.
सिद्धम्मा

उमरगा,
५ एप्रिल १९४८

ती. अक्का यांस,
सलाम. वि. वि.

ईस्टरच्या उपासनेत देवासमोर उभं राहून वर्षभराचा शब्द दिला. शिवकांता त्याआधीच गेली. गाडीत बसताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. शब्द दिल्यावर पाचव्या दिवशी हद्दीवरचा नाका बंद झाला. आता इकडची गाडी तिकडं जात नाही.

लोक विचारायला येतात. लेकरांना कुठं ठेवावं, गाव सोडावं का, देव आपल्याला पाहतो का. मी धीर देतो. माझा स्वतःचा धीर सुटला की पेटीतून तुमचं पत्र काढतो. देवानंच ठेवलंय म्हटल्यावर कुरकुर कशाला, अशी मनाची समजूत घालतो.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या.
कल्याणप्पा

उमरगा,
२४ मे १९४८

सिद्धम्माक्का यांस,
सलाम.

आडवाटेनं आलेल्या एका माणसाबरोबर पाळकांची चिठ्ठी मिळाली. मला मुलगी झाली. मूल बरं आहे, पण शिवकांता तापानं फणफणलीय. बाहेर गाडी वाजली की मी आलो का, विचारते.

त्याच चिठ्ठीत पाळकांनी मला शाबासकी दिलीय. ते जाणार हे कळताच तुम्ही जानेवारीतच त्यांना लिहून वडीलकीसाठी माझं नाव सुचवलं होतं आणि त्यांनी जाताना बिराप्पाला ते सांगून ठेवलं, असं ते लिहितात. मला ठाऊक असेल, असंच त्यांना वाटतं.

मी तुम्हाला मार्चमध्ये विचारलं. उत्तर तुमच्याकडं जानेवारीतच होतं. मग तीन दिवसांचा तो उपास कशासाठी होता, अक्का?

कल्याणप्पा

कळंब,
१ जून १९४८

चि. कल्याणप्पास,
आशीर्वाद लिहायला हात धजत न्हाय.

उपास खरा धरला होता. पण देवाला विचारताना उत्तर म्याच धरून बसले होते. मन निवळलं असं लिहिलं, ते खोटं. कळंबात आपल्या मंडळीचं माझं एकटीचं घर. शेजारची दोन घरं डिसेंबरात उठून गेली. तू बी सोलापूरला गेलास तर मुलखात माझं माणूस उरणार नव्हतं. मला लई भ्या वाटलं. तसं लिहायची लाज वाटली, देवाचं नाव घ्यायची वाटली न्हाय.

शिवकांताला काही झालं तर म्या कुठं तोंड दाखवू? जमलं तर एक ओळ लिही.
सिद्धम्मा

उमरगा,
१४ जून १९४८

ती. अक्का यांस,
सलाम. वि. वि.

शिवकांताचा ताप उतरलाय, ती उठून बसते. माझ्यासाठी तिनं निरोप दिलेला नाही. तिचा अबोला माझा मलाच भोगायचा आहे.

गेल्या रविवारी मी मंडळीला सगळं सांगितलं. देवानं सांगितलं म्हणून मी वडीलकी घेतली, पण ते सांगणं त्याचं नव्हतं, तेव्हा मला मोकळं करा, म्हणालो. मग बिराप्पा उठला. "देवानं सांगितलं का, हे आमी इचारलंच नव्हतं, मास्तर. आमाला तुमी पाहिजे होता."

सगळे गेल्यावर मी एकटा देवळात बसलो. जाऊ दे किंवा राहू दे, असं या खेपेस काहीच मागितलं नाही. उत्तर याही वेळी आलं नाही. पण हो म्हणालो होतो ते तोंड माझं होतं, एवढं कळलं. रस्ता उघडला की आधी सोलापूर गाठीन, शिवकांतासमोर उभा राहीन आणि मग परतेन. मंडळीला ते मान्य आहे.

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तरी तुम्ही इकडं या. बिराप्पाच्या शेजारची खोली रिकामी आहे, इथं सुईण नाही. यायला भीती वाटली तर भीती वाटते असंच लिहा. मी न्यायला येईन.

वाट पाहतो.
कल्याणप्पा