विहीणबाई पानं न बघताच चढवतात

चिरंजीव भाचेबुवांस,

मामाचे भरभरून आशीर्वाद. मुरगळलेला पाय आता जमिनीला टेकतो का? इकडे मी बरा आहे, तुझी मामी माझ्याहून बरी आहे आणि शिलाई मशीन आम्हा दोघांहून बरं आहे. पत्राचं कारण शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, तुला मी लंगोटात असल्यापासून ओळखतो.

मागच्या सुट्टीत तू आम्हाला पोकर शिकवलंस आणि आमच्या हाती कोलीत देऊन गेलास. आता दर रविवारी दुपारी दुकानाचं दार ओढून घ्यायचं आणि कापड बेतायच्या टेबलावर आम्ही तिघं बसायचं : मी, तुझी मामी आणि आपल्या ताईच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई. पैशांच्या जागी बटणं. (शर्टाचं म्हणजे चिल्लर, कोटाचं म्हणजे नोट.) तू सांगितलंस, प्रत्येकाला दोन पानं पालथी, ती बघून बोली लावायची, मग मधली पाच पानं उघडायची. मामी पानं बघते, उसासा टाकते आणि पानंही टाकते. मी विचार करतो. विहीणबाई मात्र मी बटण टाकलं की चढवतात, मी वर चढवलं की त्याच्याही वर चढवतात, आणि तोवर मधलं एकही पान उघडलेलं नसतं! एकदा माझ्या हातात दोन राण्या होत्या. बाईंनी कोटाच्या बटणांचा अर्धा डबा पुढे लोटला. मी म्हटलं, एक्के असणार, आणि टाकली पानं. निघाली काय, तर दुर्री आणि सत्ती! मामीने लगेच माझी पानं उलटून सगळ्यांना दाखवली. (संसारात साथ म्हणतात ती हीच.) विहीणबाई म्हणाल्या, "अहो व्याही, राण्यांना असं वाऱ्यावर सोडतात होय?"

मग मी शिंप्याची अक्कल पाजळली. आयुष्यभर मापं घेतली, त्यामुळे माझा सिद्धांत असा की माणसाचं तोंड खोटं बोलतं, खांदे बोलत नाहीत. म्हणून मी पानं सोडून त्यांचे खांदे बघू लागलो. उजवा वर गेला की पानं चांगली, डावा गेला की हूल. या शास्त्रापायी माझी कोटाची बटणं संपली. शेवटी एका रविवारी लक्षात आलं, बाई पानं उचलतच नाहीत! पानंच बघितली नाहीत तर खांद्यांना काय कळणार, कपाळ? विचारलं तर म्हणतात, "बघून काय करू? बघितलं की भीती वाटते."

त्यावर मी त्यांनाच हूल देऊन पाहिली. पण हूल द्यावी ती मागे सरणाऱ्याला. भिंतीला हूल दिली तर टेंगूळ आपल्यालाच येतं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग ताई म्हणाली, आम्हा दोघांना कामासाठी बाहेर जायचंय, सुट्टीभर पोरीला कोण ठेवून घेतं? मी म्हणालो आम्ही, विहीणबाई म्हणाल्या मी. नात एक आणि दावेदार दोन. ताई वैतागून म्हणाली, "तुमचं तुम्ही मिटवा!" विहीणबाईंनी पत्ते टेबलावर आपटले. "वाटा. ज्याची सगळी बटणं, त्याची नात."

तेव्हा मी शहाणा झालो. सुळसुळीत कापड ताणून धरलं तर निसटतं, सैल धरलं तर आपणहून कात्रीत येतं. हूल बंद, खांदे बंद. फालतू पानं मुकाट्याने टाकायची. पान जरा बरं आलं (इतरांसमोर टाकलं असतं तेसुद्धा) तर भ्यायचं नाही, आणि फारच चांगलं आलं तर तोंड पाडून बसायचं आणि चढवायचं काम त्यांच्यावर सोपवायचं.

आले दोन राजे. मी उसासा टाकून शर्टाचं एक बटण सरकवलं. (उसासा मामीकडून उसना.) बाईंनी चढवलं. मी डोकं खाजवून थोडंसं वर चढवलं, त्यांनी त्याच्यावर मूठभर ओतली. मग मी सगळा डबाच उपडा केला. "अस्सं? मग माझाही घ्या, व्याही!" आता कुठे त्यांनी पानं उलटली : एक्का आणि तिर्री. मधली पानं एकेक उघडू लागली, मामीने माझं कोपर पिरगाळून धरलं. एक एक्का आला असता तर नात गेली होती. शेवटचं पान अठ्ठी! मी आनंदाने उडी मारली, पण गळ्यातली टेप टेबलाच्या खणात अडकलेली होती, म्हणून अर्ध्यातूनच परत बसलो.

विहीणबाई शर्टाची बटणं एका डब्यात, कोटाची दुसऱ्यात, अशी सावकाश निवडत बसल्या. तेव्हा मात्र त्यांचे दोन्ही खांदे खाली उतरले. व्याही गेल्यापासून त्या घरात एकट्याच आहेत रे. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीही या की सुट्टीभर. आम्हाला तिसरा भिडू कुठे मिळणार?" मामी म्हणाली, "मी हेच म्हणणार होते." (ती नेहमीच म्हणणार असते.)

पाय जपून टाक.

तुझा जिंकलेला मामा

ता. क. : पत्राचं कारण. तुझ्याकडची घडीची खाट लगेच पाठव. नात मामीपाशी झोपेल, खाट विहीणबाईंना. मी बेतायच्या टेबलावर.

ता. क. २ : पत्र टाकायच्या आतच विहीणबाई आल्या. मामीला म्हणाल्या, हरले काय नि जिंकले काय, मी येणारच होते, बॅग शनिवारीच भरून ठेवली होती. "मग तुमचे ते पडलेले खांदे?" मी विचारलं. "अहो, तुमच्या त्या स्टुलावर बसून पाठ धरली होती!" खाटेबरोबर एक पाठ असलेली खुर्चीही पाठव.