भिंतीकडची खाट

४ नोव्हेंबर, मंगळवार

झालं! नणंदबाईंना आमची दया आली. लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी कपबश्या येतात, यंदा एक रात्र आली आहे — तळ्याकाठचं हॉटेल, दोन माणसं, न्याहारीसकट. मुलांना न्यायचं नाही हे तिने फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं. ‘वहिनी, तुम्ही दोघांनी शेवटचं एकमेकांकडे कधी बघितलंत?’ म्हटलं, रोज बघते की. दूध उतू जातंय का ते बघताना तो मध्ये येतो.

त्याला सांगितलं. म्हणाला, ‘हं.’

दिवसभर मी कानाला हेडफोन लावून लोकांच्या इंटरनेटच्या तक्रारी ऐकते. तिथे अनोळखी माणसंसुद्धा माझ्याशी पूर्ण वाक्यांत भांडतात. घरी आलं की ‘हं’. साखर संपली — हं. थोरल्याच्या बाईंनी शाळेत बोलावलंय — हं. घराला आग लागली आहे, असं अजून सांगून पाहिलं नाही. पण उत्तर काय येईल ते ठाऊक आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात संध्याकाळच्या पाळीचं पुन्हा विचारलं. मी निघणार तेव्हा तो कारखान्यातून परतणार, मी परतणार तेव्हा तो घोरत असणार. इतके दिवस नको म्हणत आले — का, तर संध्याकाळी आपण चौघं एकत्र असावं म्हणून! साहेब म्हणाले, ‘शुक्रवारपर्यंत सांगा. पुढच्या शुक्रवारपर्यंत.’ म्हटलं, सांगते. तळ्यावरून येऊन सांगते.

सासूबाई दाखल झाल्या, बाह्या सरसावूनच. ‘तुम्ही निर्धास्त जा. मी चार पोरं वाढवलीत.’ त्यातलं एक माझ्याच घरात आहे, त्यामुळे पुरावा म्हणून फारसा उपयोग नाही. पण तोंड बंद ठेवलं. फुकटची राखण, तिचे दात कशाला मोजा!

धाकटीने विचारलं, ‘तिकडे जाऊन तुम्ही काय करणार?’

‘बोलणार.’

‘कोणाशी?’

सात वर्षांची आहे. कुठून येतात हे प्रश्न!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅग भरली. त्याचं सामान म्हणजे एक शर्ट, एक दाढीचं यंत्र आणि ‘तूच बघ ना’.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार. मी त्याला पूर्वी नावाने हाक मारायचे. थोरला बोलायला लागला तेव्हा तोही बापाला नावानेच हाका मारत सुटला, माझं ऐकून. ‘अरे अमुक, मला शी झाली!’ सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग ठरलं — पोरं मोठी होईपर्यंत मी त्याला ‘बाबा’ म्हणायचं, तो मला ‘आई’. पोरं मोठी होतायत. आम्ही आपले तिथेच. परवा दुकानात मी ओरडले, ‘बाबा, कांदे विसरलास!’ आणि शेजारच्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की काय ही मुलगी, म्हाताऱ्या बापाला अरेतुरे करते. बापाचे केस पांढरे झालेत ना, म्हणून.

तर उद्या तिथे गेले की मी त्याला नावाने हाक मारणार आहे. सांगून नाही. सहज. आई-बाबा वजा केले तर खाली काही उरतं का, एवढंच मला बघायचंय. वळला तर पाळीला नको म्हणायचं. नाही वळला तर — बघू.

भरलेली बॅग उगाच दोनदा उघडून परत भरली. स्वतःच्या नवऱ्याला हाक मारायची म्हणून! कमाल आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपार

तो अंघोळीला गेलाय, तेवढ्यात लिहिते.

गाडीत नियम केला होता — मुलांचा विषय काढायचा नाही. त्याने फारच मनावर घेतला. कुठलाच विषय काढला नाही. तो चालवतोय, मी डावीकडे माझ्या नेहमीच्या जागी, आणि मी आपली बोलतेय. ‘खिडकी लावून घेऊ का?’ तर म्हणतो, ‘नाही, अजून सरळच जायचंय.’ मग मीही एक पुडी सोडली. म्हटलं, मी नोकरी सोडून सर्कशीत जाते. ‘हं. बघू,’ म्हणाला. निदान परवानगी तरी मिळाली!

हॉटेलात तर नाटकच. काउंटरवरच्या मुलीसमोर मी सवयीने म्हटलं, ‘बाबा, ओळखपत्र दे.’ ती लगेच त्याच्याकडे वळून गोड आवाजात, ‘काका, तुम्हाला खालचाच मजला देते हं, जिना नको.’ त्याचं त्याच्या खिशात लक्ष. ‘आई, पाकीट तुझ्याकडे आहे का?’ मला! त्या बिचारीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी त्याला बाबा म्हणते, तो मला आई म्हणतो, आता कोण कोणाचं कोण? विचारणार कशी? तिने आपल्या बुद्धीने मधला मार्ग काढला. खोली उघडली तर दोन वेगळ्या खाटा, मध्ये टेबल, टेबलावर दोन पेले पालथे घातलेले.

परत जाऊन सांगितलं, अहो, आम्ही नवराबायको आहोत. ती कानापर्यंत लाल झाली. पण दुसरी खोली रिकामी नाही. नणंदेला कळलं तर भेट परत मागेल.

त्याहून कहर पुढे. मी खिडकीजवळच्या खाटेवर पर्स टाकली, तर हा म्हणतो, ‘तू भिंतीकडची घे ना.’ का? ‘घे ना, मला खिडकी हवीय.’ आयुष्यात कधी याला खिडकी नको होती, आज हवी! वेगळ्या खाटा मिळाल्या त्या मिळाल्या, त्यात उजेडाची पण गेली. घेतली भिंतीकडची. हे आमचं सहजीवन.

तीच तारीख. संध्याकाळच्या आधी

सूर्य कुठे उगवला होता आज! अंघोळ करून आला, आडवा झाला, आणि बोलायला लागला. खरंच. मी माझ्या खाटेवर, तो त्याच्या, दोघं छताकडे बघत. त्याने विचारलं, ‘ती भाड्याची पहिली खोली आठवते? ज्याचं दार फुगायचं?’ आठवते तर! आत अडकलो की तो आतून ढकलायचा आणि खालचा शिंपी बाहेरून लाथ मारायचा. शिंप्याला सवयच झाली होती. आम्ही हाक मारायच्या आधीच लाथ मारायचा. एकदा दार उघडंच होतं, आणि शिंपी थेट आमच्या पिठाच्या डब्यात!

हसून हसून पोटात दुखलं. मग मी ऑफिसचं सांगितलं, तो पाऊण तास रडणारा ग्राहक, ज्याने मशीनची पिनच लावली नव्हती. मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता! माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हसत होता. आणि सगळी उत्तरं क्रियापदासकट! मला वाटलं होतं ती कारखान्यात जमा करून येतो.

खरं सांगू? मला फार बरं वाटलं. वेगळ्या खाटांवर पडून आम्ही इतकं बोललो, जितकं एका पलंगावर वर्षभरात बोललो नाही.

मग म्हणाला, ‘तुला एक सांगायचं होतं—’

फोन! सासूबाई. टीव्हीचा रिमोट कुठे आहे? म्हटलं, सोफ्याच्या फटीत. नाहीये. तर मग धाकटीच्या दप्तरात बघा, कुठेतरी असेलच. ठेवला. ‘काय सांगत होतास?’

‘काही नाही. मग.’

असू दे. आता तळ्यावर जायचंय. हीच वेळ चांगली आहे.

९ नोव्हेंबर, रविवार. घरी

काल पुढचं लिहिलं नाही. लिहावंसं वाटलं नाही.

तळ्याला कठडा आहे. कठड्याच्या एका टोकाला मोठं कारंजं, धबाधबा आवाज करणारं. तो कठड्यावर हात टेकून कारंज्याकडे तोंड करून उभा. मी दोनचार पावलं मागे, डावीकडे. आसपास फारसं कोणी नव्हतं. मी त्याचं नाव घेतलं.

नाही वळला.

वाटलं, लाजून फारच हळू म्हटलं असेल. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. माझ्याच कानाला ते नाव परकं वाटलं, शाळेतल्या कुणाचं तरी असावं तसं. बाकावरच्या एका आजोबांनी वळून बघितलं! त्यांचंही तेच नाव असेल, किंवा उगाच. मी त्यांच्याकडे बघून हसले. त्यांनीही हसून मान हलवली. चला, त्या हाकेला कोणीतरी ओ दिली!

तिसऱ्यांदा ‘बाबा’ म्हणाले, अगदी जवळ जाऊन, त्याचा शर्ट ओढून. तेव्हा वळला. ‘काय गं आई?’

बस्स. कळलं मला.

जेवायला बसलो. तो म्हणतो, ‘जागा बदलूया का, तिथे तुला वारा लागेल.’ वारा! बंद खोलीत! मी बसल्या जागेवरून हलले नाही. इतकं काही मी ऐकणार नव्हते. मग काय, माझ्याशी ‘हं’ आणि उजवीकडून सूप वाढायला आलेल्या वेटरशी मस्त गप्पा. तू कुठे राहतोस, किती तास उभं राहावं लागतं, सुट्टी कधी असते. त्या वेटरच्या बहिणीचं लग्न ठरलंय हे आता मला माहीत आहे. आणि नवऱ्याला काय सांगायचं होतं ते माहीत नाही. मी पण पुन्हा विचारलं नाही. का विचारू? मीच का?

परत येताना गाडीत मी मुद्दाम गप्प बसले. बघू या, कळतं का. घराच्या वळणावर गाडी हळू करून म्हणाला, ‘काय म्हणालीस?’

मी काहीच म्हटलं नव्हतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

नणंदेचा फोन. ‘मग? कसं झालं?’ न्याहारी छान होती, म्हटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल रात्री धाकटी खोकत होती. दोनदा उठले. हा ढिम्म! उजव्या कुशीवर, उशीत तोंड खुपसून, निवांत. याची झोप फारच सोयीची आहे. पोर खोकलं की गाढ लागते. सकाळी ‘उठवायचंस ना मला’. उठवायचं म्हणजे काय, ढोल आणू?

विनोद करतेय, पण आतून वाईट वाटतंय. फार वाईट. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडायला दोन माणसं लागतात. इथे समोर कोणी नाहीच. मी बोलायचं आणि त्याने ‘हं’ म्हणायचं, याला संसार म्हणायचं असेल तर आमच्या ऑफिसातलं रेकॉर्डिंग बरं. ते निदान म्हणतं की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

त्या दुपारची मात्र आठवण जात नाही. ती एक दुपार कशाला दिली? नसती दिली तर सवय होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ठरलं. उद्या साहेबांना पाळीला हो सांगते. संध्याकाळी त्याला घर मोकळं, त्याचं ‘हं’ त्याला लखलाभ.

त्याला हे जेवताना सांगितलं. ताटाकडे बघत म्हणाला, ‘चालेल.’ मग बरणी पुढे केली. लोणचं मागितलं असं वाटलं त्याला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी तो ओट्याशी पाठमोरा. मी दारातून म्हटलं, डबा घे. पुन्हा म्हटलं. धाकटी तोंडात ब्रश धरून म्हणाली, ‘आई, त्या बाजूने नाही. बाबांचा तो कान गेलाय. इकडून बोल.’ पाऊस पडतोय सांगावं इतक्या सहज! कोणी सांगितलं तुला? ‘बाबांनीच. कारखान्यातल्या मशीनने गेला. आम्हाला माहितीये. तुला तळ्यावर सांगणार होते ना? नाही सांगितलं?’

गाडीत मी डावीकडे. पलंगावर डावीकडे. जेवायला डावीकडे, आणि वर हलायचं नाही म्हणून हट्ट! एक दुपार तेवढी उजवीकडे होते, कारण त्याने भिंतीकडची खाट मला दिली होती.

साहेबांना फोन केला नाही.

त्याला वळसा घालून उजवीकडे गेले. नाव घेतलं. अगदी हळू. हातात डबा तसाच धरून वळला. ‘काय गं?’ म्हणाला, आणि पुढे माझं नाव.